मामाचे उपास

परभणीत माझं बी-बियाण्याचं दुकान हाय. दुकानात मी कुणाच्या बापाचं ऐकत न्हाई, पण बाहेरगावी निघायचं म्हणलं की पोट मुरडायला लागायचं. संडासला जाऊन आलो तरी परत पळायचं. मग मी तोड काढली. गावाला जायचं असलं की उपास, पोटात काही नसलं की पळायची भीती न्हाई. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा; ज्या दिवशी बोलावणं, त्या दिवसाचा देव माझा. सगळ्या भावकीत मी लय धार्मिक ठरलो.

अशात भाचीचं लग्न ठरलं, बोरीला. मंगलाष्टकाला नवरीच्या पाठीशी मामा उभा लागतो, आणि तिला मामा मी एकटाच. ऐनवेळी पळावं लागलं तर? नुसत्या विचारानं घाम फुटायचा.

पोटाच्या डॉक्टरनं सगळ्या तपासण्या केल्या. काही निघालं न्हाई, तर म्हणला, मानसोपचाराला जा. मी भडकलोच. "मी काय येडा वाटलो का तुमाला?" तरी गेलो, कारण लग्न तोंडावर आलं होतं.

तिथल्या डॉक्टरबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. उपासाचं ऐकून हसल्या. "काका, दुखणं खरंच आहे, पण भीतीनं वाढतंय. आणि तुम्ही पळता, म्हणून भीती वाढतीय." त्यांनी रात्रीची बारीक गोळी दिली, पोटानं श्वास घ्यायला शिकवलं, आणि वर सांगितलं की सकाळी भाकरी खाऊन एसटीत बसायचं, बोरीच्या वाटेवर झरी लागते तिथं उतरून चहा प्यायचा, संडास कुठंय हे कुणाला विचारायचं न्हाई, आणि परत यायचं. मला वाटलं, ही बाई माझ्या जिवावर उठलीय.

पहिल्या खेपेला वाटेतच उतरलो. बाई म्हणल्या, उद्या परत जा. रागारागानं गेलो. हळूहळू जमायला लागलं, मुरडाही कमी झाला. मग बोरीपर्यंत जाऊन आलो आणि बहिणीला फोन केला, मामा येतोय, जेवून येतोय.

लग्नात मंगलाष्टकं चालू असताना पोटानं कळ दिलीच. मी श्वास सावकाश सोडला. तो भाचीला ऐकू गेला असावा, कारण अंतरपाटाआड मान खाली घातलेली ती हळूच म्हणली, "मामा, जायचं असंल तर जावा. गुरुजीला मी सांगून ठेवलंय, थांबतेत."

म्हणजे पोरीला सगळं ठाऊक होतं. लाज वाटायला पाहिजे होती, पण मी तिच्या खांद्यावर थोपटलं.

"समोर बघ," म्हणलं, "मी कुठं जात न्हाई."

पोट मुरडतच होतं. मुरड, म्हणलं त्याला, अक्षता पडू दे, मग बघतो तुझ्याकडं.