कुल्फीच्या साच्यातली नळी

उत्रोलीच्या सावळारामला थर्मामीटर दाखवला की तो हसतो. बर्फात मीठ किती पडलं, हे त्याला मटक्याला बाहेरून बोट टेकवलं तरी कळतं. तीस वर्षं भोरच्या बाजारात मटका कुल्फी विकणारा हा माणूस सोयऱ्याच्या लग्नाला गेला तरी मांडवाबाहेर वीस कुल्फ्या खपवून येतो. त्यामुळे एप्रिलातल्या त्या रविवारी मुलीला वेल्ह्याच्या आरोग्य शिबिराला नेतानाही त्यानं तीनचाकी टेम्पोत मटका चढवला, तेव्हा त्याची बायको मंगल कडाडली.

"अवो, लेकीला दाखवाया चाललोय का जत्रंला?"

"शिबिरात मान्सं येनार. मान्सं आली की तान लागतीच," सावळाराम म्हणाला. खरं तर त्याला भीती वाटत होती, आणि रिकाम्या हातांनी भ्यायची त्याला सवय नव्हती.

सुलक्षणा, त्याची एकुलती एक लेक, एकोणीस वर्षांची. महिनाभर तिला पत्र्यावर बसून दोन बायका आपल्याबद्दल बोलताना ऐकू येत होत्या. सावळाराम पत्र्यावर चढून पाहून आला, कुणी नव्हतं. कुणी नसणार हे त्याला चढण्याआधीच ठाऊक होतं. वीस वर्षांपूर्वी धाकट्या भावाला, भिमालाही असंच ऐकू यायचं. देवऋषी, अंगारे, लिंबं यांत तेव्हा सात वर्षं मातीत गेली. शेवटी डॉक्टर गाठला आणि आता भिमा वेळेवर गोळी घेऊन कढईतलं दूध असं आटवतो, की भोरात कुल्फीचं नाव झालंय. म्हणून या वेळी देवऋषी नाही, थेट डॉक्टर.

पण गावाचं तोंड कोण धरणार? भिमा पोटात असताना आईनं, अक्काबाईनं, ग्रहणात भाजी चिरली म्हणून तो असा झाला, असं शेजारच्या रतनबाईनं ठरवून टाकलं होतं. अक्काबाई तो ठपका घेऊनच गेली. आता रतनबाईला आठवलं, की मंगलनंही सातव्या महिन्यात, पाहुणे आले म्हणून, ग्रहणात विळी हाती घेतली होती. धन्य ती स्मरणशक्ती! त्या दिवसापासून मंगलनं विळी माळ्यावर टाकली, ती चाकूनं कसंबसं चिरायची आणि मुलीकडे बघताना मान खाली घालायची. सावळारामला आजारापेक्षा ती खाली गेलेली मान जास्त टोचत होती. आई गेली तशी ही जाऊ नये, एवढंच त्याचं मागणं होतं.

शिबिर वेल्ह्यातल्या एका शाळेत होतं. पुण्याहून आलेल्या डॉक्टर स्नेहल बाईंनी सुलक्षणाशी तासभर बोलून आजाराचं नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया. गोळी आजपासूनच सुरू करू म्हणाल्या. मग त्यांनी आपल्या संशोधनाचं सांगितलं.

"तुमच्या देवळातल्या दानपेटीला कुलपं किती?"

"दोन. किल्ल्या दोन पंचांकडं. एक पानशेतला पोरीकडं गेला की पेटी बंद," सावळाराम म्हणाला.

"मेंदूतही अशी कुलपं असतात. एक किल्ली ग्लुटामेटची, दुसरी ग्लायसिन किंवा सेरिनची. ही सगळी अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे बारीक तुकडे. दोन्ही किल्ल्या एकदम लागल्या तरच कुलूप उघडतं. या आजारात दुसरी किल्ली कमी पडते का, असा बऱ्याच संशोधकांना संशय आहे. नक्की झालेलं नाही. रक्त म्हणजे नुसती खिडकी, तिच्यातून आम्ही मेंदूत डोकावतो."

मंगलचा चेहरा उतरला. "म्हंजे दूध कमी पाजलं का म्या?"

"नाही हो मंगलताई. ही दुसरी किल्ली बरीचशी मेंदू स्वतःच घडवतो."

औषधाआधीचं रक्त एकदाच मिळतं, कारण गोळी सुरू झाली की आकडे बदलू शकतात, असं बाईंनी समजावलं. सुलक्षणानं स्वतः सही केली. रक्त काढलं, यंत्रात गरगर फिरवून वरचं पिवळसर पाणी नळीत घेतलं, आणि मुलीनं पहिली गोळी गिळली.

तेवढ्यात लाईट गेली.

नळ्या गोठवायची पेटी बंद पडली, तिची बॅटरी तर सकाळीच मेली होती. बाहेर ऊन नुसतं भाजत होतं. आज जमलेल्या सहा नळ्यांपैकी पाच जणांची गोळी अजून सुरू व्हायची होती, त्यांचं रक्त पुन्हा घेता येणार होतं, सुलक्षणाचं नाही. बाईंनी कपाळाला हात लावला. "ती तडक गोठायला हवी. नाहीतर आकड्यांवर भरवसा ठेवता येत नाही. साधा बर्फ पुरायचा नाही, उणे पंधराच्या खाली पाहिजे."

"साधा बर्फ कोन म्हनतंय?" सावळाराम उठलाच. "हितं म्या काय नुसता बसाया आलोय का?"

त्यानं मटक्यातल्या कुल्फ्या शिबिराला फुकट वाटल्या. तीस वर्षांत हे पहिल्यांदा! बर्फ ठेचला, त्यात मुठीमुठीनं खडेमीठ मारलं, मटका घोळवला. खारं पाणी नळीत जाईल, असं बाई म्हणेपर्यंत तो शाळेच्या स्वयंपाकघरातून कणीक मळून घेऊन आला होता. स्वच्छ पुसलेल्या पत्र्याच्या साच्यांत एकेक नळी, वर झाकण, झाकणाच्या कडेनं कणकेचं लिंपण. बाईंनी थर्मामीटर खोचला. उणे दहा. उणे चौदा. उणे सतरा! बाई लहान पोरीसारख्या टाळ्या पिटू लागल्या.

"आबा," सुलक्षणा म्हणाली, "माझी नळी इतळू देऊ नका."

मंगलनं मुलीला घरी नेलं आणि सावळाराम बाईंच्या गाडीत मटका मांडीवर घेऊन पुण्याला निघाला. वाटेत पाणी सुटेल तसं ओतायचं, नवा बर्फ भरायचा. जवळचा बर्फ नसरापूरच्या आधीच संपत आला, पण त्यानं मोबाईल लावला होता. कामथडीचा बर्फवाला बाजीराव नसरापूर फाट्यावर लादी आणि मिठाचं पोतं घेऊन उभा होता. "कुनाचं लगीन हाय रं?" त्यानं विचारलं. "माज्या पोरीच्या नळीचं!" सावळाराम ओरडला आणि गाडी सुटली.

प्रयोगशाळेत कणीक फोडली. बाईंनी सुलक्षणाची नळी टेबलावर हलकेच आपटली, टक्क वाजली. दगड! सावळारामच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते त्यानं लपवलंही नाही.

चार महिन्यांनी बाई उत्रोलीला घरी आल्या. पत्र्यावरच्या बायकांचा आवाज आता बारीक झाला होता, कधी कधी दिवसभर यायचाच नाही. सुलक्षणा पुन्हा कॉलेजला जाऊ लागली होती. नळी नीट मोजता आली, बाई म्हणाल्या. एका नळीवरून काही ठरत नाही, अशा शेकडो जमायला हव्यात, पण ही त्यांत जमा झाली. त्यांनी मोजणीचा कागद दाखवला. ग्लुटामेट, ग्लायसिन, सेरिन, वय, वजन, झोप, घरात आणखी कुणाला आजार.

मंगलनं कागदावरच्या एकेका रकान्यावरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, "बाई, ह्यात गिरान कुठं लिवलंय?"

"कुठंच नाही. त्याचा रकानाच नाही, मंगलताई."

"न्हाईच?"

"नाहीच."

मंगल उठली. माळ्यावरून विळी काढली, चिंचेनं घासून गंज उतरवला आणि रतनबाईच्या दारासमोरच, आपल्या ओसरीवर, भेंडीची टोपली घेऊन बसली. पलीकडे रतनबाई दारात येऊन उभी राहिली. सावळारामला वाटलं, आता काहीतरी होणार.

मंगलनं मान वर केली, सरळ तिच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "या की काकी. आमच्या सासूबाई चिरायच्या तशी चिरतीया."