भिणाऱ्या शांताक्का

शांताक्का साठ वर्षांच्या झाल्या. या गौरवग्रंथात बाकीची मंडळी त्यांच्या धाडसाबद्दल लिहिणार, याची मला खात्री आहे. बीदरमधून एकटीनं निघून गावोगावच्या, परदेशातल्याही व्यावसायिक टेनिस स्पर्धा खेळणाऱ्या बाईला धाडसी नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? पण त्यांची शिष्या म्हणून मला जवळून दिसली ती त्यांची भीती. मी तिच्याबद्दलच लिहिणार आहे, आणि तशी त्यांची परवानगी घेतली आहे.

मी संतपूरहून बीदरला मावशीकडे शिकायला आले, तेव्हा अक्का मुरमाच्या कोर्टावर मुलींना शिकवत असत. पहिलाच चेंडू अंगावर आला आणि मी डोळे गच्च मिटले. मुली फिदीफिदी हसल्या. अक्का मात्र जवळ आल्या आणि म्हणाल्या, "भ्यायचं आसंल तर भी, पर डोळं उघडं ठिवून भी." चेंडूला भ्यायची परवानगी मिळाली, म्हणून मी दुसऱ्या दिवशीही गेले.

अक्का कधीच वरच्या क्रमांकाच्या खेळाडू नव्हत्या. त्यांची कारकीर्द पात्रता फेऱ्यांत आणि छोट्या स्पर्धांत गेली. क्रमवारीतले गुण वर्षभरच टिकतात. गेल्या वर्षी जे कमावलं ते यंदा पुन्हा कमावलं नाही, तर नाव खाली घसरतं. त्यामुळे अक्का सामना जिंकल्या की घाबरत. घरी पेढे वाटले जात आणि या कॅलेंडर घेऊन बसत, पुढच्या वर्षी हेच गुण राखायचे कसे म्हणून.

मावशीची बदली झाल्यावर अक्कांनी मला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. स्पर्धेला जाताना हैदराबादच्या बसमध्ये त्या माझ्या बॅगेचा पट्टा आपल्या मनगटाला गुंडाळून बसत. मला जरा कणकण वाटली की सराव बंद, आणि मी कितीही कुरकुरले तरी थेट दवाखाना. मला वाटे, या बाईंचं जरा अतीच आहे.

मग कलबुर्गीची स्पर्धा आली, ऐन उन्हाळ्यातली. तो सामना जिंकले असते तर क्रमवारीतला पहिला गुण मला मिळणार होता, आणि मी जिंकतही होते. उन्हानं डोळ्यांपुढे अंधारी येत होती, पण मी कुणाला काही बोलले नव्हते. अक्कांनी काय पाहिलं कोण जाणे, त्या फाटक उघडून सरळ कोर्टात आल्या आणि माझ्या हातातली रॅकेट काढून घेतली. नियमाप्रमाणे सामना गेला. मला सलाईन लावावं लागलं.

माझे वडील दवाखान्यात आले ते संतापूनच. "पोरगी जिंकायली व्हती, कामून थांबवलाव?" त्यांनी विचारलं.

"मी भ्याले, अप्पा," अक्का म्हणाल्या.

अप्पा माझ्यासाठी शहाळं आणायला खाली गेले. ते गेल्यावर अक्कांनी मला रेणूताईंची गोष्ट सांगितली.

खालच्या क्रमांकाच्या मुली खर्च वाचवायला हॉटेलची खोली वाटून घेतात, आणि कधी कधी सकाळी एकमेकींविरुद्धच खेळतात. रेणूताई अक्कांच्या अशाच सोबतीण होत्या. अक्कांच्या डब्यातल्या भाकरीचा अर्धा तुकडा त्यांचा ठरलेला. एकदा दोघींचाच सामना होता, त्या दिवशी रेणूताईंना ताप होता, उलट्या होत होत्या. डॉक्टरला कळलं तर खेळू देणार नाहीत, म्हणून त्यांनी कुणाला न सांगण्याची शपथ अक्कांना घातली. अक्का गप्प राहिल्या. गुण दोघींनाही राखायचे होते. अक्कांनी मुद्दाम चेंडू जाळ्याजवळ टाकून रेणूताईंना पळवलं, कारण आज यांच्या पायांत बळ नाही हे फक्त अक्कांनाच माहीत होतं. रेणूताई कोर्टावर कोसळल्या, त्यांना गाडीत घालून नेलं. अक्का विजयी ठरल्या आणि पुढच्या स्पर्धेसाठी त्याच संध्याकाळी रेल्वेत बसल्या. रेणूताईंचं नाव पुन्हा कुठल्याही स्पर्धेत दिसलं नाही. या ग्रंथात अक्कांच्या कारकिर्दीतला सर्वोत्तम विजय म्हणून ज्याचा उल्लेख होईल, तो हाच.

मी अक्कांना म्हणाले होते, रेणूताईंना शोधू या का, आजकाल माणूस सापडायला वेळ लागत नाही. त्यांनी माझा हात धरला. "नगं. जिती न्हाई म्हणलं कुणी, तर मी काय करू?" हे सगळं छापू का, असं विचारलं तेव्हा मात्र त्या लगेच म्हणाल्या, "लिव्ह. त्या विजयाबद्दल कुणी हार घालाया नगं."

त्यांना न सांगता मी शोध घेतला. रेणूताईंच्या गावातल्या एका जुन्या प्रशिक्षकांनी त्यांच्या घरचा नंबर दिला. पुढे रेणूताईंचं काय झालं, हे त्यांनाही माहीत नव्हतं. तो नंबर माझ्या फोनमध्ये आहे. लावायला घेते. उचलणारा पहिलं वाक्य काय बोलेल, या विचारानं मी फोन पालथा ठेवते. अक्कांना आता हे इथंच, छापल्यावर कळेल.

शांताक्कांना उत्तम आरोग्य आणि उदंड आयुष्य लाभो, अशी मनापासून इच्छा करते. तेवढंच आयुष्य रेणूताईंनाही लाभलेलं असो. आणि तो नंबर लावण्याचं धैर्य आम्हा दोघींपैकी एकीला तरी येवो, फोन रेणूताईच उचलतील अशा वेळेत येवो.