चालू फळा आणि बॅटरीबाई

आमच्या जिन्यात तीन महिने एक बातमी फिरत होती, की समोरच्या दारातली बाई शाळांमधले टीव्ही जप्त करते. त्यात माझा वाटा किती, ते विचारू नका. मी फक्त तिसऱ्या मजल्यावर सांगितली होती, चौथ्यावर ती आपल्या पायांनी गेली. खरं एवढंच, की वर्गांत बसवलेल्या स्मार्ट बोर्डांचा मुलांना काही उपयोग होतो का, हे बघत ती शाळाशाळांतून फिरते आणि होत नसेल तर कसा करून घ्यायचा ते शिक्षकांना दाखवते. जप्ती-बिप्ती तिच्या साहेबांच्या हातात.

तिच्या पर्समध्ये लिपस्टिक सापडणार नाही. एक फॉर्म, मोजायची टेप आणि उजेड पाडायची बॅटरी सापडेल. बोर्ड बंद करून ती काचेवर बाजूनं तिरपा उजेड टाकते, की बोटांचे ठसे लख्ख दिसतात. कुठं, किती उंचीवर, किती जणांचे. म्हणून सगळ्या शाळा तिला बॅटरीबाई म्हणतात. घरीही तीच खोड. एकदा सासूबाईंच्या मोबाइलवर बॅटरी मारायला गेली, तर त्या म्हणाल्या, "सूनबाई, ती फ्रिजवर मार. तुझ्या नवऱ्याचे सगळे गुन्हे तिथं सापडतील." नवरा स्वभावानं गाय, त्यानं लगेच फडकं आणून फ्रिज पुसला.

पंधरा वर्षं ती कार्यालयात टेबलाला चिकटून होती. मग फिरतीचं काम मागून घेतलं आणि पायाला भिंगरी लागली. मागच्या गुरुवारी मात्र तिची स्कूटर रुसली, तेव्हा मी माझी काढली. परोपकार थोडा, चौकशीची हौस जास्त.

"वहिनी, आज चारच्या आत यादी पक्की होणार," मागं बसल्या बसल्या ती सांगायला लागली. "रोज दोन तासांपेक्षा कमी चालू असलेले बोर्ड काढून दुसऱ्या शाळांना द्यायचे. तास यंत्रच मोजतं. यादीत पहिलं नाव टेकाडावरच्या शाळेचं, रोज पंचवीस मिनिटं."

"मग काढू देत की! धूळ खातोय तो."

"तिथल्या सरांना मी ओळखते. तो बोर्ड गेला तर पोरांचं नुकसान होईल, आणि खाली सही माझी असेल."

आधी आम्ही तासांच्या हिशेबात सगळ्यात पुढं असलेल्या मोठ्या शाळेत गेलो. मुख्याध्यापिका दारातच उभ्या, चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "रोज सहा तास! मधल्या सुट्टीतसुद्धा बंद करत नाही. आमचा बोर्ड म्हणजे कायम चालू."

"बोर्ड चालू, की शाळा चालू?" मी विचारलं. बॅटरीबाईनं माझा दंड असा चिमटला, की दोन दिवस निळा होता.

वर्गात गेलो तर बोर्डावर मासे पोहत होते. निळे, पिवळे, गुबगुबीत. आणि शेजारच्या जुन्या फळ्यावर विज्ञानाच्या बाई खडूनं पाण्याची वाफ कशी होते ते लिहीत होत्या. मुलं माशांकडं बघत होती. मीही बघत होते, खोटं कशाला बोलू?

बॅटरीबाई मागच्या बाकावर एका मुलीशेजारी जाऊन टेकली. "काय गं, या बोर्डाचा तुला काय उपयोग होतो?"

"होतो ना! मागून गरम असतो. ओला रुमाल वाळतो."

मग बॅटरी निघाली. एवढ्या मोठ्या काचेवर एकही ठसा नाही. ठसा होता तो खालच्या बटणावर, एका अंगठ्याचा. शिपाई पुढं येऊन अभिमानानं म्हणाला, "माझाच आहे, बाई. रोज सकाळी मीच चालू करतो. एक दिवस खाडा नाही."

मला वाटलं, आता बाई फाडून खाणार. पण नाही. तिनं विज्ञानाच्या बाईंना बाजूला घेतलं.

"तुम्ही हात का लावत नाही?"

"बिघडला तर माझ्यावर येईल हो."

"काच आहे, साबणाचा फुगा नाही. या इकडं." मासे गेले, पातेल्याचं चित्र आलं. वाफ कुठं, पाणी कुठं, थेंब कुठं, हे मुलांनी येऊन बोटानं लिहायचं. पहिल्या मुलानं वाफेच्या जागी 'धूर' लिहिलं आणि वर्गात रणकंदन माजलं. विज्ञानाच्या बाई आधी घाबरल्या, मग हळूच हसल्या, आणि घंटा झाली तरी कोणी उठेना.

निघताना बॅटरीबाईनं बोर्ड बंद करून काचेचा पुन्हा एक फोटो काढला. पहिला तिनं अंगठा सापडला तेव्हाच काढून ठेवला होता.

टेकाडावरची शाळा दोन खोल्यांची. गणिताचे सर निवृत्तीला आलेले, पण आवाज खणखणीत. बोर्डावर धुतलेलं कापड टाकलेलं होतं. आम्हाला बघून ते म्हणाले, "न्यायला आलात? मग पुढच्या सोमवारी न्या. अपूर्णांक अजून अर्धेच झालेत."

"अपूर्णांक अर्धे झाले म्हणजे पूर्णच की, सर," मी म्हटलं. ते हसले, तेव्हा जीव भांड्यात पडला.

कापड निघालं. मुलं येऊन बोर्डावरच्या पट्टीचे बोटानं तुकडे पाडू लागली. बाकीची ओरडायला लागली, "सारखे नाहीत! सारखे नाहीत!" पाच-सहा जणांचं झालं, की सरांनी बोर्ड बंद केला आणि सगळे एकमेकांच्या वह्यांत डोकी खुपसून भांडायला लागले.

"एवढ्यात बंद?" बॅटरीबाईनं विचारलं.

"उजेड असला की पोरं उजेडाकडं बघतात. भांडायला एकमेकांकडं बघावं लागतं."

बॅटरी पडली आणि काच अशी दिसली, की जणू अख्ख्या गावानं तिला हात पुसलेत. मी म्हटलं, झालं, सर जिंकले! पण ही बया फोटो काढून झाल्यावर टेप घेऊन खाली वाकली.

"सर, ठसे सगळे वरच्या अंगाला आहेत. खालची दोन वीत काच कोरी. बुटकी पोरं कधी येतात?"

"हात वर करतो त्याला बोलावतो मी. पक्षपात नाही."

पुढच्या बाकावरून एक चिमुरडी म्हणाली, "सर, आम्ही केला तरी तुम्हाला दिसतच नाही."

सरांचा खणखणीत आवाज खाली आला. डोकं खाजवत ते म्हणाले, "चाळीस वर्षांत हे कोणी सांगितलं नाही."

"आकृती बोटानं खाली ओढता येते, सर. आणि हात वर करायला लावण्यापेक्षा हजेरीच्या क्रमानं बोलवा." तिनं पट्टी खाली ओढून दाखवली. चिमुरडी आली आणि तिनं पट्टीचे पाच सारखे तुकडे पाडले. कोणालाही ओरडायला जागा ठेवली नाही.

साडेतीनला आम्ही कार्यालयात होतो. साहेब वर्षभरापूर्वीच बदली होऊन आलेले, नियमाला पक्के. समोर यादी, हातात पेन.

"टेकाडावरची शाळा काढू नका," बॅटरीबाई म्हणाली आणि मोबाइल त्यांच्यापुढं ठेवला. "ही सहा तासवाल्यांची काच, आज सकाळची. एक अंगठा, तोही शिपायाचा. ही पंचवीस मिनिटवाल्यांची."

साहेबांनी चष्मा वर केला, खाली केला. "मग सहा तासवाल्यांचा काढायचा?"

"मुळीच नाही. ही तीच काच, तासाभरानंतरची. मला तिथं तीन आठवडे जाऊ द्या. या दोघांपैकी कोणाचाच काढायची वेळ येणार नाही."

"फॉर्ममध्ये ठशांचा रकाना नाही, बाई. तास चालू किती, एवढंच आहे."

"म्हणून तर शिपाई पहिला आला."

मी हसू दाबायला गेले आणि मला ठसका लागला. साहेबांनी माझ्याकडं बघितलं, पुन्हा त्या फोटोंकडं बघितलं, आणि टेकाडावरच्या शाळेच्या नावावर आडवी रेघ मारली. तीन आठवड्यांच्या फिरतीवरही सही केली. पण साहेबच ते, शेवटचा शब्द आपला हवा. पेनाचं टोपण लावत म्हणाले, "हे या वेळेपुरतं. फॉर्म बदलणार नाही. ज्या कोणी तो बनवला, तो काही मूर्ख नव्हता."

बॅटरीबाईनं मोबाइल पर्समध्ये टाकला आणि म्हणाली, "साहेब, तो फॉर्म मीच बनवलाय. मूर्ख नव्हते, पण तोवर एकाही वर्गात पाय ठेवला नव्हता."