मागच्या दाराची कडी

मी तिला पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते.

शिवणयंत्रं दुरुस्त करण्याचं तिचं दुकान आमच्याच रस्त्यावर. शाळेत जाता-येता ते मी वर्षानुवर्षं पाहत होते, पण आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. निवृत्तीनंतर आईचं जुनं मशीन माळ्यावरून काढलं आणि तिच्याकडे घेऊन गेले. तिने ते टेबलावर ठेवलं, चाक हाताने सावकाश फिरवलं, कान मशीनजवळ नेला आणि डोळे मिटून घेतले. मी काही सांगायला लागले, तर डोळे न उघडताच तिने ओठांवर बोट ठेवलं. छत्तीस वर्षं मी वर्ग गप्प बसवले. मला असं गप्प बसवणारं कोणी भेटलं नव्हतं.

"शटल घासतंय," ती म्हणाली. मग डोळे उघडून, "आणि बाई, कोणीतरी यात फोडणीचं तेल घातलंय."

घालणारी मीच होते. तिने ते ओळखलं आणि पुढे एक अक्षर बोलली नाही. तिथून आमची मैत्री झाली.

तेव्हा ती बावन्न वर्षांची होती. नवरा जाऊन दहा वर्षं झालेली. मुलगा दूरच्या शहरात. घर आगगाडीच्या डब्यासारखं: पुढे दुकान, मध्ये झोपायची खोली, मागे स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराचं दार मागच्या बोळात उघडणारं. बोळात कचऱ्याचे डबे आणि दोन्ही बाजूंच्या घरांच्या पाठी. हे मागचं दार खाली झुकलं होतं, त्यामुळे त्याची कडी कोयंड्यात बसत नसे आणि कडेला दोन बोटं जातील एवढी फट राहायची. मशीन दुरुस्त झालं की ती एका कापडाच्या पट्टीवर टाके घालून बघायची. तीच पट्टी मग कडीतून आणि कोयंड्यातून ओवून गाठ मारायची. आज पिवळी पट्टी, उद्या चौकटीची. साऱ्या गावाची यंत्रं ताळ्यावर आणणाऱ्या बाईचं स्वतःचं दार चिंधीवर चाललं होतं.

"करू हो कधीतरी," ती म्हणायची. "गिऱ्हाइकाचं काम आधी."

मुलगा दर रविवारी फोन करायचा. फोन स्पीकरवर असल्यामुळे मलाही ऐकू यायचं.

"आई, पुरे आता ते दुकान. इकडे ये. एकटी काय करतेस तिथे?"

"तेच. मशीनं."

"काही झालं तर?"

"काही झालं तर तुला सांगीन, मग ने मला. तोवर गप्प बस."

फोन ठेवल्यावर एकदा ती मला म्हणाली, "बाई, तो चांगला आहे हो. सूनही चांगली. पण तिथे मी सगळ्यांची आईच. इथे मी मीच." हे ती सहज म्हणाली. तिच्या आयुष्यातली सगळी ओढाताण त्यात होती.

जुन्या वस्तू घरच्या घरी दुरुस्त करणाऱ्यांचा इंटरनेटवर एक कट्टा आहे. तिथे तिला मीच नेलं. हे मला लिहायलाच हवं. कट्टा चालवणारे एक निवृत्त घड्याळजी होते. त्यांचा एक गमतीचा नियम होता: सभासदाने आपल्या घरातली बिघडलेली वस्तू हेच नाव घ्यायचं. ती वस्तू दुरुस्त झाली की कट्ट्यावर जाहीर करायचं आणि नाव बदलायचं. ते स्वतः 'थांबलेलं घड्याळ'. मी 'तिसरी पायरी', कारण माझ्या जिन्याची तिसरी पायरी हलते. एक 'गळका नळ' होता, तो दिवसभर बडबडायचा.

तिचं नाव आम्ही दुकानातच ठरवलं, टेबलावर चहाचे कप ठेवून.

"डावा गुडघा ठेवू का?"

"वस्तू हवी. अवयव चालत नाहीत."

"मग आमच्या ह्यांचं नाव ठेवलं असतं, असते तर. आयुष्यात एक खिळा ठोकला नाही." ती हसली आणि मागे वळून पाहिलं. "हे काय, समोरच आहे की. 'मागचं दार'."

मला ते फार आवडलं. मी टाळी दिली. मुलांना निबंधात वाक्य दोनदा वाचायला सांगणारी मी, ते नाव मी एकदाही नीट वाचलं नाही. एकटी बाई अनोळखी माणसांना आपलं नाव सांगत होती, आणि ते नाव म्हणजे तिच्या घरात शिरायची जागा होती.

कट्ट्यावर ती लगेच रुळली. थट्टेला तिची जीभ सुईसारखी.

'मागचं दार, आज वारा सुटलाय, सांभाळा,' असं गळका नळ लिही.

'तू आधी तुझं नाक पूस,' ही लिही.

'तिसरी पायरी, आज कोण पडलं?'

'कोणी नाही,' मी लिही. 'तुमच्या पाण्यावरून घसरेल कोणीतरी.'

तिने मशीनांचे फोटो टाकले, टाके कसे जुळवायचे ते समजावलं. एका फोटोत मागे दुकानाची पाटी होती. ते तिच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

मग एक नवा सभासद आला. नाव 'न वाजणारी बेल'. अतिशय नम्र. प्रत्येकाला अहो-जाहो. विनोद मोजके, पण नेमके. गळका नळ त्याला म्हणाला, 'तुमच्याकडे पाहुणे कसे येतात हो?' त्याने उत्तर दिलं, 'पाहुणे थांबून थांबून निघून जातात. मी आतून बघत असतो.' सगळे हसले. मीही हसले.

दुसऱ्या आठवड्यात त्याने तिला विचारलं, 'ताई, दार फुगलंय की बिजागरी सैल झालीय? फोटो टाकलात तर सांगता येईल.' तिने टाकला. झुकलेलं दार, कडी, कोयंडा आणि पिवळी पट्टी. बिजागरीचे स्क्रू बदलायचे, खालची कड रंध्याने तासायची आणि कोयंडा बोटभर खाली घ्यायचा, असं त्याने नीट लिहून दिलं. 'माणूस कामाचा आहे,' ती मला म्हणाली.

चार दिवसांनी कट्ट्यावर त्याची एक ओळ आली: 'ताई, आजची हिरवी पट्टी पिवळीपेक्षा छान दिसते.'

खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. गळक्या नळाने लिहिलं, 'वा! दाराचाही थाट आहे.'

मी उठून तिच्याकडे गेले. ती टेबलापाशी उभी होती, हातात फोन.

"तू हिरव्या पट्टीचा फोटो टाकलास?"

"नाही."

"मग कोणाला सांगितलंस?"

"बाई, आज सकाळी तर बांधली."

आम्ही मागच्या दाराशी गेलो. पट्टीचं टोक फटीतून बाहेरच्या बाजूला लोंबत होतं. बोळातून चालणाऱ्याला ते दिसलं असतं. पण त्यासाठी बोळातून चालावं लागतं. तिने ते टोक ओढून आत घेतलं.

"मुलाला सांग," मी म्हटलं.

"सांगितलं की संध्याकाळच्या गाडीने येईल तो. आणि मग हे कुलूप." तिने दुकानाकडे हात केला. "काय सांगू? चिंधीचं कौतुक केलं म्हणून?"

सुतार परवा येतो म्हणाला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती एका शिंपिणीकडे मशीन पोचवायला गेली. दोन तासांत परतली आणि मला फोन केला. म्हणाली फक्त, "बाई, या."

मागचं दार बंद होतं. हिरवी पट्टी नीट घडी करून ओट्यावर ठेवली होती. कडी कोयंड्यात बसलेली होती, आतून. तिने ती माझ्यासमोर काढली आणि लावली. लोण्यातून सुरी फिरावी तशी ती फिरली. बिजागरीला नवे स्क्रू. दाराची खालची कड तासलेली. तासलेल्या लाकडाच्या कुरळ्या ढलप्या झाडून कोपऱ्यात एका कागदावर गोळा करून ठेवलेल्या. काम इतकं स्वच्छ होतं की दुसऱ्या कोणी केलं असतं तर तिने त्याला शाबासकी दिली असती.

"आतून कडी लावली," मी म्हटलं. "मग गेला कुठून?"

"पुढून. दुकानाचं दार ओढून घेतलं की आपोआप लागतं." ती पुढे दुकानात गेली आणि तिने टेबलाचा खण उघडला. तिचे स्क्रूड्रायव्हर आकाराप्रमाणे ओळीने लावलेले असतात. सगळे जागच्या जागी होते. तिने मधला उचलला आणि बोटाने टोक पुसलं. बोटाला लाकडाचा भुसा लागला.

त्याच वेळी फोन वाजला. कट्ट्यावर 'न वाजणारी बेल'ने लिहिलं होतं: 'ताई, दार झालं. आता नियमाप्रमाणे नाव बदला.'

अभिनंदनांचा पाऊस पडला. 'शेवटी झालं तर!' 'कोणी केलं?' 'नवं नाव काय?' तिने एकेक ओळ वाचली आणि फोन टेबलावर पालथा ठेवला.

पोलीस चौकीत आम्ही दोघी गेलो. तिथला शिपाई तरुण आणि सभ्य होता. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"काही चोरीला गेलं?"

"नाही."

"मोडतोड?"

"नाही."

"म्हणजे मावशी, तक्रार अशी आहे की कोणीतरी तुमचं दार दुरुस्त केलं?" तो हसला नाही, पण शेजारचा हसला. नाव काय त्याचं, या प्रश्नाला ती म्हणाली, "न वाजणारी बेल." मग तोही हसला. त्याने अर्ज मात्र घेतला.

मी कळवल्यावर घड्याळजींनी दुसऱ्याच दिवशी तो नियम बंद केला आणि सगळ्यांची नावं बदलायला लावली. माग लागावा म्हणून त्या माणसाला मात्र काढलं नाही. त्या माणसाबद्दल त्यांना एवढंच ठाऊक होतं की तो तिच्यानंतर नऊ दिवसांनी आला होता. मला स्वस्थ बसवेना. काहीतरी निमित्त काढून मी बोळाच्या दोन्ही बाजूंच्या घरांच्या बेल दाबून पाहिल्या. बावीस घरं. सात बेल वाजल्या नाहीत. त्या सातांपैकी चार घरांतली मुलं माझ्या हाताखाली शिकली होती. चारही घरांनी मला आत बोलावलं, चहा विचारला. मी प्रत्येक चेहऱ्याकडे पाहिलं. काहीच कळलं नाही. दोन घरांत दारातूनच बोलणं झालं. सातव्या घराचं दार कडी वाजवूनही कोणी उघडलंच नाही. मी बराच वेळ थांबले, मग त्याचं ते पाहुण्यांचं वाक्य आठवलं आणि भरभर चालत घरी आले.

त्या रविवारी मुलाचा फोन आला तेव्हा मी दुकानातच होते.

"आई, सगळं ठीक?"

ती माझ्याकडे बघत होती. मी मान हलवली, सांग म्हणून.

"ठीक," ती म्हणाली. "मागचं दार बुजवून घेतेय. वारा फार येतो."

"अगं, मग दुरुस्त करून घे की."

"दुरुस्तच आहे," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

सोमवारी गवंडी आला. घरातलं सगळ्यात नीट चालणारं दार तिने त्याला चौकटीसकट काढायला लावलं आणि तिथे विटा रचून घेतल्या. पुढच्या दाराला नवं कुलूप आणि आतून साखळी लागली. गवंडी साखळी ठोकत असताना कट्ट्यावर त्या माणसाची शेवटची ओळ आली: 'काळजी घ्या, ताई.' त्यानंतर त्याने तिथे काही लिहिलेलं नाही. ती तर कट्ट्यावरून निघूनच गेली आहे. मी अजून अधूनमधून वाचते, लिहीत नाही.

याला आता दोन वर्षं होतील. दुकान चालू आहे. टेबल तिने फिरवून घेतलंय, पाठ विटांच्या भिंतीकडे आणि तोंड रस्त्याकडे. कचरा टाकायला ती पुढच्या दाराने सबंध वळसा घालून जाते, तेही दिवसाउजेडी. गिऱ्हाइकं येतात, बायका आणि पुरुष, जुने आणि नवे. कोणी मशीन टेबलावर ठेवलं की ती चाक फिरवते, कान जवळ नेते आणि ऐकते. डोळे उघडे ठेवते.