विश्वाचा धुरा

बाबांचं आणि काकाजींचं विझत आलेलं भांडण मी विश्वाच्या कडेवरून पुन्हा पेटवलं. एरवी मी फारसा बोलत नाही. त्या दिवशी बोललो.

भांडण मूळचं धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं. हिवरखेडला दोघा भावांची वावरं लागून आहेत. मधला बांध कोणी सरकवला, यावरून अबोला. माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा बाबांनी एकच मागितलं, धाकटा भाऊ मांडवात पाहिजे. म्हणून दोघांना एकत्र बसवायला मी वावरातच, गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांचं जेवण ठेवलं. (पंगत नेमकी धुऱ्यावर बसली. सावली तिथंच होती!) अकोल्याहून निघतानाच बायकोनं बजावलं होतं, जमिनीचा विषय काढू नका.

दोघे एकमेकांकडे पाठ करून रोडगे कुस्करत होते. शेवटी मी, विज्ञानाचा मास्तर, जमिनीपासून सगळ्यात लांबचा विषय शोधला. तारे, त्यांचा उजेड, अफाट विश्व.

काकाजींनी मान वळवली. "ह्या आभायाले धुरा असन का रे, मास्तर?"

"अजून तरी सापडला नाही, काकाजी," मी खुशीत म्हणालो.

"पाह्य. देवानंही घातला नाही. अन् काही लोकं..."

बाबांचा घास हातातच थांबला. मी घाईनं सावरायला गेलो. कड नसेल, पण आपल्या दिसण्याला हद्द आहे. त्यापलीकडचा उजेड अजून आपल्यापर्यंत पोचलेलाच नाही. (इथं तरी थांबायचं!)

"म्हंजे दिसते तेवढं आपलं?" बाबा उठले. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. "मले त्या निंबापर्यंत साफ दिसून राहिलं."

"निंब माह्या वावरात हाये," म्हणत काकाजी उठले आणि भरल्या ताटावरून निघून गेले. त्यांचं वरण माझ्या पँटवर आलं. त्याचं काही नाही. पण नंतर बाबा जेवले नाहीत.

लग्नाला काकाजी आले, पण मांडवाच्या शेवटच्या खांबाबाहेर उभे राहिले. बाबा त्यांच्यापाशी गेले. "आत ये."

"मांडव कुठपर्यंत हाये, ते तुह्या मास्तरले इचार."

मी अक्षता मुठीत आवळून खांबाआड झालो.

"त्याले कायले इचारतं?" बाबा म्हणाले. "मले तू दिसून राहिला ना? मंग आतच हायेस."

काकाजींनी चपला काढल्या आणि आत आले.

आता वर्गात एखाद्यानं विचारलं, सर, विश्वाला कड आहे का, तर मी आधी दार लावतो. मग सांगतो, "परीक्षेला येत नाही. बस खाली."