भुशाची शेगडी

नामांतराच्या आंदोलनांच्या वर्षांत पूर्णा जंक्शनजवळ आमची खानावळ होती. नवरा बाजार करायचा, मी भाकऱ्या थापायची, सासू चुली बघायची. सकाळच्या गाडीवर ड्युटीला जाणारे रेल्वेचे आठ-दहा जण आमच्याकडे जेवून जायचे. गाडी कुणासाठी थांबत नाही, म्हणून वेळेवर वाढणं हाच आमचा धंदा.

दोन चुलींना लाकूड लय लागायचं. लाकडाचा बैलगाडीवाला आधी मांडीएवढे बाभळीचे ओंडके आणायचा, मग मनगटाएवढे. एकदा हिरव्या फांद्याच घेऊन आला.

"वैनी, ओढ्याकाठची सरली. आता बांधावरची तोडायलोत."

मला झाडांचं प्रेम वगैरे नव्हतं. पण एक ओढाकाठ आपल्या चुलीत गेला, हे डोक्यातून जाईना. पुढच्या वर्षी काय जाळायचं? भाकरी थापताना तेच, भांडी घासताना तेच.

लाकूड कापायच्या गिरणीवर भुशाचे ढीग पडून सडायचे. मी पत्र्याच्या डब्यांच्या दोन शेगड्या करून घेतल्या. मधे बाटली उभी करायची, डब्याच्या बुडाजवळ पाडलेल्या भोकातून बाटलीपर्यंत दांडा घालायचा, भोवती भुसा ठासायचा. बाटली-दांडा काढला की हवेला वाट राहते, आच दोन-तीन तास टिकते.

"लोक हसतील," नवरा म्हणाला.

"हसू द्या. ते लाकूड आणून देणार हाईत का?"

सासू तेव्हा चारठाण्याला लेकीकडे गेली होती. आठ दिवस शेगड्या मीच आदल्या रात्री भरून ठेवल्या. सगळं नीट चाललं, म्हणून गाडीवाल्याला येऊ नको असं सांगितलं. आठव्या दिवशी संध्याकाळी सासू परतली, आणि नवव्या दिवशी सकाळी शेगड्या पेटेनात. नुसता धूर. फुंकून फुंकून डोळे सुजले, डाळ कच्चीच. बाहेर माणसं खोळंबली.

"वैनी, आज धूरच वाढता का?"

"गरम तरी हाय का इचार," दुसरा म्हणाला.

हसत हसत सगळे समोरच्या खानावळीत गेले. मी खाली वाकून बघितलं, तर भोकच नाही. रोज पहाटे चूल सारवतात तशा सासूनं शेगड्या शेणामातीनं सारवल्या होत्या, भोकांसकट.

"आत्याबाई, भोक कुठं गेलं?"

"बुजवलं. फुटक्या चुलीवर अन्न शिजवत्यात का?"

"फुटकं न्हाई ते. हवा तिथूनच जाती."

"मग मला सांगितलंस का तू?"

नव्हतं सांगितलं. नवरा तेवढ्यात पायात वहाणा घालून निघाला होता, गाडीवाल्याकडे.

"एक दिवस थांबा," मी म्हणाले. "उद्या उशीर झाला तर लाकूड आणा."

दुसऱ्या दिवशी भुसा सासूलाच ठासायला लावला. मी शेजारी उभी राहिले. डाळ वेळेआधी शिजली. पाचच जण आले. पुढं आणखी तिघं परत आले, दोघं कायमचे गेले. लाकडाचं नाव मात्र नवऱ्यानं पुन्हा काढलं नाही.

खानावळ बंद होईपर्यंत मी रोज पेटवण्याआधी भोकात बोट घालून बघायची. सासू चिडायची.

"अजून इस्वास न्हाई का?"

"न्हाई," मी म्हणायची.