औषध मारायला आलेला माणूस

मी दारात उभा राहिलो की माणसं घर सोडून निघायची. कामच तसं होतं. पिंपळे सौदागरच्या मोठ्या सोसायट्यांमध्ये झुरळं, ढेकूण, वाळवी यांच्यावर मी फवारणी करायचो. बेल वाजवली की आतून कुणीतरी ओरडायचं, "औषध मारायला आलेत!" मग चपला शोधल्या जायच्या, माशांच्या टाकीवर टॉवेल पडायचा, कुत्र्याला पट्टा लागायचा आणि थोड्या वेळात सगळं घर लिफ्टनं खाली जायचं. मागं मी एकटा. भिंतीवर त्यांच्या लग्नाचे फोटो, टेबलावर अर्धा राहिलेला चहा, चालूच राहिलेला पंखा. तो बंद करायचा, खिडक्या लावायच्या आणि स्वयंपाकघरापासून सुरुवात करायची.

औषध या शब्दाचं मला कधी काही वाटलं नाही. आमच्या लातूरकडं सोयाबीनवर मारतात तेही औषधच. सोसायटीत झुरळांबरोबर पाली मरून पडायच्या. बागेत मेंदीच्या कुंपणावर फवारा मारला की दुसऱ्या दिवशी खाली मधमाश्या पडलेल्या दिसायच्या, काही अजून पाय हलवणाऱ्या. सफाईवाल्या मावशी त्या झाडून न्यायच्या.

राहायला मोशीत एक खोली होती. मी, बायको आणि नुकती रांगायला लागलेली मुलगी. दार उघडलं की ती थेट माझ्या पायाशी यायची, पँट धरून उभी राहायची आणि गुडघ्याला तोंड लावायची. मग तिला धाप लागायला लागली. रात्र रात्र छाती वाजायची.

डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुणी सिगारेट ओढतं का?"

"नाही."

"काम काय करता तुम्ही?"

मी सांगितलं. त्यांनी विचारलं, "कामाचे कपडे धुता कुठं?"

बायको म्हणाली, "मोरीतच. तिच्या कपड्यांबरोबर."

"यानंच झालं असं मी म्हणणार नाही," डॉक्टर म्हणाले, "पण ते कपडे घरात आणू नका. आंघोळ केल्याशिवाय तिला घेऊ नका."

त्यानंतर मी कपडे जिन्यातच बदलायला लागलो. साबण लावून लावून अंग सोलून निघायचं. तरी मुलगी हात पुढं करायची तेव्हा बायको तिला उचलून घ्यायची. "अहो, अजून वास येतोय तुम्हाला." मला येत नव्हता. खरं तर तेव्हा मला फोडणीचाही वास येईनासा झाला होता.

शेवटी ती मुलीला घेऊन माहेरी गेली. दम बसेपर्यंत, असं ठरलं होतं. फोनवर सांगायची, "इथं बरी आहे हो ती. छान झोपते." ते ऐकून बरं वाटायचं, आणि फोन ठेवल्यावर जेवावंसं वाटायचं नाही. दिवसभर दुसऱ्यांची रिकामी घरं, आणि परत आलो की माझंही तसंच.

ऐन उन्हाळ्यात एका म्हाताऱ्या काकांकडं ढेकणांचं काम निघालं. आकुर्डीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, एकटे राहायचे. मी म्हणालो, "काका, संध्याकाळपर्यंत वर येऊ नका." ते म्हणाले, "बरं राव. खाली बाकावर बसतो. दुसरं कुठं जाणार?"

जुना सागवानी पलंग होता. फटीफटीत फवारावं लागत होतं. खिडक्या बंद, मास्क घामानं भिजून तोंडाला चिकटलेला. श्वास घेता येईना म्हणून तो खाली ओढला. थोड्या वेळानं तोंडाला लाळ सुटायला लागली. समोरचं धूसर झालं. पलंगाचा पाय धरून उठायला गेलो तर हात आपोआप थरथरत होते. मग ओकारी आली. हाक मारावी असं वाटलं, पण घरात ऐकणारं कोण होतं?

काका चष्मा विसरले होते, म्हणून वर आले. मला जमिनीवर बघून त्यांनी आधी खिडक्या उघडल्या, मग वॉचमनला हाका मारल्या. रिक्षात त्यांनी माझं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. औषधाची बाटली पिशवीत घालून बरोबर आणली होती. दवाखान्यात डॉक्टरांनी डोळ्यांवर बॅटरी मारली आणि म्हणाले, "बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात. चढलंय अंगात." लगेच इंजेक्शन सुरू झालं.

नर्सनं विचारलं, "पेशंटबरोबर कोण?"

"मी आहे ना," काका म्हणाले.

"नात्यानं कोण?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "लिहा काहीतरी. शेजारी लिहा."

ते दिवसभर बसून राहिले. ऑफिसमधून फोन आला तोही त्यांनीच घेतला. तिकडून पहिला प्रश्न होता, फवारणीचा पंप कुठं आहे. "पंप ठणठणीत आहे," काका म्हणाले आणि फोन ठेवला.

ते काम मी सोडलं. आता चाकणच्या एका गोदामात खोक्यांवर लेबलं चिकटवतो. बोटांना मुंग्या येतात, पण लेबल चिकटवण्यापुरतं चालतं. काकांकडं एकदा जाऊन आलो. त्यांनी पलंग भंगारात दिला होता आणि ते जमिनीवर गादी टाकून झोपत होते. मी दवाखान्यात असताना ते त्याच घरात परतले होते. खिडक्या उघड्या टाकून, डास चावत असताना, कितीतरी दिवस वासात राहिले. "खोकला आहे थोडा," म्हणाले. माझ्यासाठी त्यांनी चहा केला. परत गेलो तेव्हा कुलूप होतं. वॉचमन म्हणाला, मुलगा येऊन घेऊन गेला, कुठं ते माहीत नाही.

दिवाळीत सासुरवाडीला गेलो. मुलगी चालायला लागली होती. दम नव्हता, गाल भरले होते. मी अंगणात उकिडवा बसून हात पुढं केले. ती आईच्या पदराआड गेली.

"कोण आलंय बघ," बायको म्हणाली.

"काका," मुलगी म्हणाली.

बायको हसली, मग तिनं माझ्याकडं पाहिलं. "सवय होईल हो तिला," ती म्हणाली, "पण थोडे दिवस इथंच राहू दे. आत्ता कुठं बरी झालीय."

मी बरं म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघालो तेव्हा मुलगी झोपली होती. जवळ जाऊन तिच्या केसांवर हात ठेवावा असं वाटत होतं. मी आंघोळ केलेली होती, कपडेही धुतलेले होते. तरी उंबऱ्यातच उभा राहिलो.